उरलेले एकोणचाळीस

आमच्या कळमन्यात राहणाऱ्या प्रत्येकाला भाकीत करायची सवयच लागलेली असते. बाजार समितीचं आवार हाकेच्या अंतरावर. पहाटेपासून ट्रकांचे आवाज, हमालांची हाकाटी आणि मग लिलाव. सोयाबीन आज काय भावानं निघेल, मिरची तेजीत राहील की पडेल, पावसानं दडी मारली तर तुरीचं काय होईल... अडत्यापासून चहावाल्यापर्यंत प्रत्येकाकडे उत्तर तयार! धान्य निवडायला जाणाऱ्या बायासुद्धा दुपारी डबा सोडताना भाव सांगतात. खरं निघालं तर "मी म्हटलंच होतं," आणि खोटं निघालं तर त्यावर कोणी बोलत नाही.

पण २०२५ च्या जुलै महिन्यात आमच्या वस्तीत भाकीत चाललं होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. बुद्धिबळाचं! ज्यांनी आयुष्यात घोडा अडीच घरं चालतो हेही कधी ऐकलं नव्हतं, त्या बाया नळावर एकमेकींना विचारत होत्या, "काय वो, आपली पोट्टी जिंकन का?"

आपली पोट्टी म्हणजे नागपूरची दिव्या देशमुख. जॉर्जिया देशातल्या बाटुमी शहरात महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक सुरू होता आणि एकोणीस वर्षांची दिव्या अंतिम फेरीत पोचली होती. समोर कोण? तर आंध्र प्रदेशची कोनेरू हम्पी, अडतीस वर्षांची. म्हणजे विश्वचषक भारतात येणार हे ठरलेलंच होतं. प्रश्न एवढाच, कोणाच्या हातून येणार?

(मैत्रिणींनो, एक खुलासा आधीच करते, कारण माझाही गोंधळ झाला होता. विश्वचषक वेगळा आणि जगज्जेतेपद वेगळं. जगज्जेतेपदाची लढत दोघींचीच असते. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनच्या जू वेनजुननं ती पाचव्यांदा जिंकली. विश्वचषकात मात्र शंभरावर खेळाडू उतरतात, हरली ती घरी जाते. त्यातल्या पहिल्या तिघींना कँडिडेट्स स्पर्धेत जागा मिळते आणि ती स्पर्धा जिंकणारी जगज्जेतीला आव्हान देते. म्हणजे जगज्जेतेपदाच्या जिन्याची ही पायरी.)

स्टीलच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

२६ जुलैला शनिवार होता. आमच्या बचत गटाची बैठक आणि अंतिम फेरीचा पहिला डाव, दोन्ही एकाच दिवशी. हप्त्यांचा हिशेब झाला आणि कोणीतरी म्हणालं, "ताई, चिठ्ठ्या टाकू ना! कोण जिंकन ते लिहू. ज्याईचं चुकलं त्याईनं पुढच्या बैठकीला तर्री-पोहे आनाचे."

झालं! वहीचं पान फाडून सतरा चिठ्ठ्या केल्या आणि स्टीलच्या डब्यात टाकल्या. उघडल्या तेव्हा बारा चिठ्ठ्यांवर दिव्या, चार चिठ्ठ्यांवर हम्पी आणि एक चिठ्ठी कोरी.

हम्पीच्या चारातली एक माझी होती. हे सांगितल्यावर जो गलका झाला तो विचारू नका. "ताई, नागपूरच्या असून तुमी!" मी म्हटलं, "अगं, मनाचा कौल वेगळा आणि डोक्याचा वेगळा."

आदल्या रात्री माझ्या मुलानं मला हिशेब समजावून सांगितला होता. बुद्धिबळात प्रत्येक खेळाडूला गुणांकन असतं. आर्पाड एलो नावाच्या, हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी ही पद्धत बसवली आणि १९७० पासून ती जगभर चालते. दोघांच्या गुणांकनातल्या फरकावरून निकालाचा अंदाज बांधता येतो. हम्पीचं गुणांकन होतं २५४३ आणि दिव्याचं २४६३. फरक ८० चा. याचा अर्थ, दोघी शंभर डाव खेळल्या तर हम्पीच्या पदरात साधारण ६१ गुण पडतील आणि दिव्याच्या ३९.

त्यात हम्पीचा अनुभव केवढा! २००२ साली, पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. दिव्याचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. २०१७ मध्ये मुलगी झाली म्हणून हम्पी खेळापासून दूर राहिली. आता संपलं, असं लोक म्हणू लागले असतील, तर २०१९ मध्ये ती मॉस्कोला जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा एकदा. बाळंतपणानंतर "आता काय राहिलं आपलं" असं म्हणणाऱ्या आपणा सगळ्यांच्या वतीनं ती खेळते आहे, असं मला वाटत होतं. माझी चिठ्ठी थोडी हिशेबाची होती आणि थोडी त्या मायेपोटीही.

बारा जणींचा हिशेब साधा होता. "आपली आहे, जिंकनच!" यालाही आपल्याकडे जुनी परंपरा आहे. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये चेन्नईला विश्वनाथन आनंद आणि मॅग्नस कार्लसन यांची जगज्जेतेपदाची लढत झाली, तेव्हा साऱ्या देशाचं मन आनंदच्या बाजूनं होतं. आपलं घर, आपली माणसं. पण आनंद ३.५ विरुद्ध ६.५ असा हरला. आणि डोक्यानं केलेली भाकितं तरी कुठे धड असतात? २०२४ मध्ये सिंगापूरला अठरा वर्षांचा गुकेश चीनच्या डिंग लिरेनसमोर बसला, तेव्हा गुकेश सहज जिंकेल असं जाणकार म्हणत होते, कारण डिंग कित्येक महिन्यांत धड खेळलाच नव्हता. पहिलाच डाव डिंगनं जिंकला! लढत चौदाव्या, शेवटच्या डावापर्यंत गेली आणि तिथे डिंगच्या एका चुकीनं निकाल लागला. गुकेश जिंकला खरा, पण "सहज" हा शब्द खोटा पडला.

आमचे हे पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले, "म्हणजे भाकीत करणारा निम्मा बरोबर येतो आणि पूर्ण मिरवतो."

कोरी चिठ्ठी

राहिली ती कोरी चिठ्ठी. मला वाटलं, लिहिता न येणाऱ्या कोणाची असेल. पण आमच्या गटात सह्या तर सगळ्याच करतात. बैठक संपल्यावर एक जण मागे रेंगाळली. बाजारात धान्य निवडायला जाते ती. म्हणाली, "ताई, ते कोरी चिठ्ठी माही आहे."

"का गं? काहीतरी लिहायचं ना."

तर ती खाली बघत म्हणाली, "तुमचं एकदा आयकलं ना ताई, तवापासून मी कोनाचंच भाकीत करत नाही."

मला क्षणभर काही कळेना. मग आठवलं आणि कानशिलं गरम झाली.

२०२२ सालची गोष्ट. हिची मुलगी दहावी पास झाली, ५४ टक्के. पोरीला पॉलिटेक्निकला जायचं होतं. आई मला विचारायला आली, कारण वस्तीत मी चार बुकं शिकलेली, समाजसेवा करणारी! मी गुणपत्रिका पाहिली. गणितात काठावर पास. मी अगदी मायेनं, समजावणीच्या सुरात म्हटलं, "हे बघ, हिला गणित झेपायचं नाही. उगाच पैसे घालवू नकोस. आर्ट्सला टाक, नाहीतर शिवणकाम शिकव." मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती काही बोलली नाही. मीही तिला काही विचारलं नाही.

पोरगी अकरावी आर्ट्सला गेली आणि सहा महिन्यांत शाळा सोडून घरी बसली. मग बाजारात एका अडत्याकडे काट्याजवळ बसू लागली. आज ती काय करते माहीत आहे? दिवसभर पोत्यांची वजनं, भाव, हमाली, अडत यांचा हिशेब! कॉम्प्युटरवर आणि तोंडीसुद्धा. जिला गणित झेपणार नव्हतं, तिच्या हिशेबावर शेतकऱ्याच्या हातात पैसे पडतात.

मी तिचं वाईट चिंतलं नव्हतं. पण माझ्या भाकितात तिच्यासाठी शंभरातला एकही गुण मी शिल्लक ठेवला नव्हता. एलो साहेबांच्या कोरड्या गणितानंसुद्धा दिव्यासाठी ३९ ठेवले होते!

श्रावणातला पहिला सोमवार

शनिवारचा डाव बरोबरीत सुटला. दिव्याच्या हातात आलेली संधी निसटली, असं मुलानं सांगितलं. रविवारचाही डाव बरोबरीत. आता सोमवारी, २८ जुलैला टायब्रेक. म्हणजे जलद डाव, प्रत्येकीला पंधरा-पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद जास्तीचे. आणि जलद डावांची जगज्जेती कोण? हम्पी! माझी चिठ्ठी आणखी वजनदार झाली.

श्रावणातला पहिला सोमवार होता. उपास सगळ्यांचाच. दुपारी साडेचारच्या सुमारास समाजभवनाच्या ओसरीत दहा-बारा जणी जमलो. चिठ्ठ्यांच्या त्याच डब्याला मोबाईल टेकवून ठेवला होता. बाहेर पावसाची भुरभुर. काट्यावर बसणारी ती मुलगीही त्या दिवशी आईसोबत आली होती.

पडद्यावर पटाच्या कडेला एक उभी पट्टी असते. अर्धी पांढरी, अर्धी काळी. कॉम्प्युटर दर चालीला सांगतो की कोणाचं पारडं जड आहे, तशी ती पट्टी वरखाली होते. बाकी काही कळलं नाही तरी पट्टी सगळ्यांना कळली. पहिला जलद डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. झालं, "काळं वर आलं की आपली जिंकून रायली" एवढा नियम पुरेसा होता. काळं वर चढलं की ओसरीत टाळ्या, खाली आलं की "मायबाई!" डावाचा शेवट जवळ आला तेव्हा पट्टी अशी हेलकावत होती की एक आजी म्हणाली, "बंद करा वो ते, माहा जीव घाबरून रायला."

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "काकू, ही पट्टी त्या दोघींना दिसते का?"

"नाही गं. त्यांना फक्त पट दिसतो."

"बरं आहे मग," ती म्हणाली. एवढंच.

हम्पीचं घड्याळ संपत आलं होतं. घाईत तिच्या चाली चुकल्या. शेवटी तिनं हात पुढे केला आणि दिव्या जिंकली. २.५ विरुद्ध १.५. पुढचं तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच असेल. ती पोर डोळे पुसत उठली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. ओसरीत आमच्याही पदरांनी तेच काम केलं. तर्री-पोह्यांचा खर्च माझ्या डोक्यावर बसला, त्याचं मुळीच दुःख झालं नाही.

पट्टी कोणाला दिसते?

रात्री त्या मुलीचा प्रश्न डोक्यातून जाईना. खेळणारीला पट्टी दिसत नाही म्हणून ती खेळू शकते. पण आपल्या मुलींना आपली पट्टी दिवसभर दिसते. आपल्या चेहऱ्यावर, आपल्या सुस्काऱ्यात, "बघू" म्हणण्यात, आल्यागेल्यासमोर "आमची काही हुशार नाही हो" असं सहज सांगण्यात. चाल खेळायच्या आधीच त्यांना निकाल कळलेला असतो.

दिव्याच्या बाबतीत तरी जगानं काय भाकीत केलं होतं? स्पर्धेत तिला पंधरावं मानांकन होतं. चीनची झू जिनेर दुसऱ्या मानांकनाची, तिला तिनं हरवलं. मग आपलीच हारिका, जी २०२२ च्या चेन्नई ऑलिम्पियाडमध्ये नऊ महिन्यांची गरोदर असताना भारतासाठी खेळली होती. मग माजी जगज्जेती तान झोंगयी. दर फेरीला चिठ्ठी दुसऱ्याच नावाची निघायला हवी होती. ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन नॉर्म आणि २५०० गुणांकन लागतं. दिव्याकडे बाटुमीला जाताना एकही नॉर्म नव्हता! विश्वचषक जिंकल्यामुळे ती थेट ग्रँडमास्टर झाली. भारताची अठ्ठ्याऐंशीवी आणि महिलांमध्ये चौथी. महाराष्ट्रातली पहिली महिला ग्रँडमास्टर आपल्या नागपूरची!

पण हे अचानक घडलेलं नाही, हेही सांगायला हवं. २०१२ साली ती सात वर्षांखालच्या मुलींत राष्ट्रीय विजेती होती. २०२४ मध्ये वीस वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती झाली आणि त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये संघाचं आणि स्वतःचं अशी दोन सुवर्णपदकं तिनं आणली. त्याच वर्षाच्या जानेवारीत नेदरलँड्समधली स्पर्धा खेळून आल्यावर तिनं जाहीरपणे लिहिलं होतं की प्रेक्षक माझा खेळ सोडून माझे कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवरच बोलतात. अठरा वर्षांची होती तेव्हा. म्हणजे पटावर बसल्यावर मोहऱ्यांशी लढायचं आणि उठल्यावर या नजरांशी!

या नजरा जुन्याच आहेत. मुंबईच्या 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही लेकी बुद्धिबळ गाजवणाऱ्या. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीनं जिंकली. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तर केवढा गदारोळ! मुलीनं इथे खेळायचंच कशाला? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युव्ह यांनी निर्णय दिला की महिलांना असं अडवता येणार नाही. १९८१ मध्ये हीच रोहिणी आशियाई विजेती झाली. तिला अडवू पाहणाऱ्यांनीही मनात निकाल आधीच लावून ठेवलेला होता.

"तिचे आईबाप डॉक्टर, ताई!"

पुढच्या बैठकीला मी पोहे घेऊन गेले आणि हे सगळं उत्साहानं सांगू लागले. तेव्हा एकीनं मला थांबवलं. "ते खरं आहे ताई. पन तिचे आईबाप डॉक्टर. आमच्या पोट्टीले कोन शिकवते? रोज मजुरीले गेलो तर चूल पेटते."

तिचं म्हणणं खोटं नाही. चांगला प्रशिक्षक, परदेशी स्पर्धा, सोबत फिरणारी आई, या गोष्टींना पैसा लागतो आणि वेळही लागतो. नागपूरची प्रत्येक मुलगी दिव्या होईल असं म्हणणं, हेही एक खोटं भाकीतच की! आणि त्या खोट्या आशेचं ओझंसुद्धा पोरींवरच पडतं. हरलेल्या हम्पीकडेच बघा ना. अडतिसाव्या वर्षी अंतिम फेरीत येऊन, पुन्हा पुढच्या स्पर्धेत जागा मिळवून ती घरी गेली. ती काय वाया गेली?

मी म्हटलं, "दिव्या करायचं नाही आपल्याला. फक्त शंभरातले सगळेच्या सगळे गुण आपण आधी कापून घ्यायचे नाहीत. पैसा नसेल आपल्याकडे, पण हे तर फुकट आहे ना?"

कोणी काही बोललं नाही. कोरी चिठ्ठीवाली मात्र पोह्यांवर तर्री घालता घालता हसली.

त्यानंतर काही दिवसांनी ती मुलगी संध्याकाळी एकटीच घरी आली. हाताला पोत्यांची धूळ तशीच होती. म्हणाली, "काकू, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देता येते ना? बाजारातलं काम सोडता येणार नाही, पण रात्री अभ्यास करीन." मग थोडं थांबून विचारलं, "मला जमेल का?"

जिभेवर आलं होतं, "जमेल गं, नक्की जमेल!" तेही गिळलं. कारण नाही म्हणताना मला जेवढं माहीत होतं, तेवढंच हो म्हणतानाही माहीत होतं. म्हणजे काहीच नाही.

मी म्हटलं, "मला नाही माहीत. मागच्या वेळी मी सांगितलं ते चुकलं होतं, त्याची माफी मागते. काय काय कागद लागतात ते उद्या विचारून येऊ आपण दोघी."

ती काही म्हणाली नाही. पण शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती सोबतच घेऊन आली होती. तीच गुणपत्रिका, ५४ टक्क्यांची. मी चष्मा लावून पुन्हा पाहिली. गणितात ती काठावर होती खरी. पण पास होती. त्या वेळी मला फक्त काठ दिसला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन विचारून आलो. तारखा निघाल्यावर फॉर्म भरला. पुढे काय होईल, असं गटातल्या बाया विचारतात, तेव्हा मी सांगते, "चिठ्ठी कोरी आहे माझी."